पाण्याचं वजन

सासऱ्यांचं वजन चार किलोंनी वाढलं, त्या संध्याकाळी सूनबाई घरी आली ती आइस्क्रीमचा डबा घेऊनच. घरात यकृताच्या कॅन्सरचं माणूस, आणि हिला आइस्क्रीम सुचतंय, असं शेजारच्यांना वाटलं असेल तर वाटो. सूनबाईला त्याची पर्वा नव्हती. ती शहरातल्या मोठ्या कॅन्सर रुग्णालयात आहारतज्ज्ञ होती. ही गोष्ट ती स्वतः विसरत नसे आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसे.

"अडुसष्टाचे बहात्तर!" तिने सकाळी काट्यावर पाहिलेला आकडा पुन्हा एकदा सगळ्यांना ऐकवला. "या आजारात लोकांचं वजन उतरतं. आपल्याकडे पहिल्या महिन्यापासून चढतच चाललंय."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले. नवऱ्याने तर फोनच काढला आणि एकेका नातेवाइकाला गाठून सांगायला लागला, "अरे, घरातच तज्ज्ञ म्हटल्यावर काय! माझ्या बायकोच्या हाताखाली माणूस वाळूच शकत नाही." सूनबाई स्वयंपाकघरात वाट्या काढत होती, पण कान सगळे बाहेर. एरवी नवरा तिचं कौतुक वर्षाकाठी एकदा करायचा, तेही कुणी आठवण करून दिली तर.

सासरे कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. लांब बाह्यांचा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेला. पोट पुढे आलेलं, पाय थोडे सुजलेले. ते हसले, वाटी हातात घेतली आणि चमचा फिरवत राहिले. फिरवता फिरवता आइस्क्रीमचं दूध झालं. ते कुणी पाहिलं नाही. पाहणार तरी कोण, सगळे आकड्याकडे बघत होते ना!

त्या रविवारी नणंद आली. नवऱ्यापेक्षा मोठी, शाळेत शिकवणारी, बोलायला रोखठोक. बापाकडे बघून तिचा चेहराच पडला. स्वयंपाकघरात येऊन ती हळूच म्हणाली, "वहिनी, बाबांची गालफडं बसलीत गं. कानशिलं बघ कशी आत गेलीत. नीट खातात ना ते?"

आता हा प्रश्न साधा होता. लेकीने नाही विचारायचा तर कुणी? पण सूनबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"ताई, काटा खोटं बोलतो का?" ती म्हणाली. "चार किलो वाढलेत. तुम्ही महिन्यातून एकदा येता, मी रोज बघते. आणि हे माझं काम आहे. मी तुमच्या वर्गात येऊन गणित शिकवते का?"

नणंद तशीच बाहेर आली. पर्स उचलली, बापाशेजारी तासभर बसली आणि गेली. सूनबाईला वाटलं, बरी जिरवली.

अहो, पण काटा खोटं बोलतो. आणि हे त्या घरात कुणाला माहीत असेल तर ते हिलाच! यकृत बिघडलं की पोटात पाणी साठतं, पायांत उतरतं. माणूस आतून झडत जातो आणि काटा मात्र चढत जातो, कारण पाण्यालाही वजन असतं. म्हणून या आजारात नुसतं वजन बघून चालत नाही. बाही वर सारून दंडाला फीत लावायची. मूठ आवळायला लावून पकड किती आहे ते यंत्रावर बघायचं. कानशिलं, खांदे, मांड्या हाताने चाचपायच्या. आणि समोर बसून विचारायचं की काल सकाळपासून झोपेपर्यंत नेमकं काय खाल्लंत, किती खाल्लंत, किती ताटात राहिलं. हे सगळं ती रोज करायची. नवीन नर्सेसना शिकवताना तिचं ठरलेलं वाक्य होतं, "काट्याला विचारू नका, दंडाला विचारा." परक्या माणसाचा शर्ट उतरवायला तिला एक मिनिट लागत नसे. मांडी चाचपताना ती गप्पा मारायची, म्हणजे माणूस लाजायचा नाही.

आणि घरी? घरी तिने सासऱ्यांच्या दंडाला एकदाही फीत लावली नव्हती.

का, म्हणाल तर भीड. दुसरं तिसरं काही नाही. सासरे आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेले. मोठ्या स्टिअरिंगच्या जुन्या बसगाड्या, त्यामुळे हात असे भरलेले की लहानपणी मुलं त्यांना लटकायची. पण स्वभाव मात्र मुखदुर्बळ. स्वयंपाकघरात यायचं तर आधी दाराबाहेर खाकरायचे. सून सोफ्यावर आडवी असली तर आल्या पावली परत फिरायचे. अकरा वर्षांत तिने त्यांच्या हातात थेट कप दिला नव्हता. ती टेबलावर ठेवायची, ती वळली की ते उचलायचे. "चहा ठेवलाय, बाबा." "हं, ठेव." एवढंच बोलणं. माया नव्हती असं मुळीच नाही. तिच्या परीक्षांच्या काळात तान्ह्या नातीला खांद्यावर टाकून ते तास न् तास रस्त्याने फिरायचे, पोरीला अभ्यास करू दे म्हणून. पण हे कधी बोलून दाखवलं नाही, आणि तिनेही कधी आभार मानले नाहीत. अशा माणसाला म्हणायचं काय, की बाबा, शर्ट काढा, दंड चाचपते?

एकदा तिने धाडस केलं होतं. फीत हातात घेऊन ती त्यांच्या खोलीत गेली. ते पेपर वाचत होते. फितीकडे बघून म्हणाले, "पडद्याचं माप घ्यायचंय का? घे, घे," आणि तिला मोकळीक मिळावी म्हणून उठून बाहेर निघून गेले. सूनबाईने काय केलं असेल? खिडकीचं माप घेतलं! अगदी नीट, उंची आणि रुंदी. मग स्वतःशीच हसली आणि फीत खणात टाकली. काटा चढतोय ना, मग ठीकच आहे सगळं, असं म्हणून तिने विषय संपवला.

खाण्याचंही तेच. आजार कळल्यापासून ती त्यांच्यासाठी वेगळं रांधायची, बिनमिठाचं, कारण मिठाने पाणी साठतं. ते दोन-चार घास घ्यायचे आणि म्हणायचे, "झालं, सूनबाई. पोट भरलं." परका पेशंट असता तर तिने त्याला असं सोडलं नसतं. "पोट भरलं म्हणजे काय, ताट दाखवा," म्हणाली असती. सासऱ्यांना ताट कसं दाखवायला लावणार? ती "बरं बाबा" म्हणायची.

रुग्णालयात दर आठवड्याला सगळ्या डॉक्टरांची बैठक व्हायची. एकेका पेशंटचं काय करायचं ते तिथे ठरायचं. सासऱ्यांच्या यकृतात एकच गाठ होती, आणि मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी वर नेऊन थेट त्या गाठीत औषध सोडायचा विचार चालला होता. ते जमलं तर दोन-तीन वर्षं हाती लागतील, असं मोठे सर म्हणाले होते. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख. डोकं तल्लख आणि जीभ त्याहून. अंगात ताकद नसलेल्या माणसाला ते हे औषध कधीच देत नसत, कारण ते सोसायलाही शरीर लागतं.

"पोषण कसं आहे?" त्यांनी अशाच एका बैठकीत विचारलं होतं. "दंडाचं माप?"

"चांगलं आहे, सर," सूनबाई म्हणाली होती. "घरचंच माणूस. रोज डोळ्यांसमोर असतात."

तिथे दुसरा आहारतज्ज्ञही बसला होता. उंच, वाकलेला, कमी बोलणारा. खिशात कायम फीत, आणि जो सापडेल त्याला मोजायचा. सूनबाईने त्याचं नाव 'फूटपट्टी' ठेवलं होतं आणि ते सगळ्या रुग्णालयात रुळलं होतं, अगदी कॅन्टीनवाल्यापर्यंत. फूटपट्टीने तिच्याकडे एकदा पाहिलं, पण बोलला नाही. जिच्या तोंडून आपली टिंगल झालीय तिला कोण प्रश्न विचारणार?

त्यानंतर दीड महिना गेला. औषध द्यायची तारीख जवळ आली, म्हणून सासऱ्यांना दाखल केलं आणि आधी पोटातलं पाणी काढायचं ठरलं. सुई लावली, पाणी निघालं, गोळ्यांनी पायांची सूजही उतरली. चौथ्या दिवशी त्यांना काट्यावर उभं केलं तेव्हा बहात्तरांचे चौसष्ट झाले होते. नर्सने दोनदा वजन केलं. सूनबाई शेजारीच उभी होती.

दाखल झालेल्या प्रत्येकाची पाहणी नियमाने दुसऱ्या आहारतज्ज्ञाने करायची असते, म्हणून फूटपट्टी आला. सासरे पलंगावर ताठ बसले. त्याने फीत काढली तशी त्यांची नजर सुनेकडे गेली आणि हात आपसूक बाहीच्या गुंडीवर गेला.

"मॅडम, जरा पडद्याबाहेर थांबता का?" फूटपट्टी म्हणाला. "त्यांना अवघडतंय."

ती बाहेर झाली. पडदा कसला, पातळ कापड. आतलं सगळं ऐकू येत होतं, आणि कडेच्या फटीतून दिसतही होतं. तिने बघायला नको होतं, पण बघितलं. शर्ट उतरला. आणि तिला ज्या हातांना मुलं लटकायची ते हात शोधावे लागले. खांद्याची हाडं वर आलेली, दंडाची कातडी सैल लोंबणारी. तिने तोंडावर हात दाबला.

"एकवीस सेंटिमीटर," फूटपट्टी पुटपुटला. "आता हे यंत्र जोरात आवळा, काका. आणखी जोरात. बरं, असू दे, झालं. सोळा. आता सांगा, घरी असताना दिवसभरात काय खायचात? अगदी खरं सांगा. इथे कुणी रागावणार नाही."

सासऱ्यांनी आवाज खाली घेतला. "सकाळी अर्धा कप दूध. दुपारी दोन घास भात. संध्याकाळी तेवढंच. रात्री नाही."

"भूक नसते?"

"दोन घासांत पोट तट्ट होतं. आणि," ते अडखळले, "सूनबाई फार मन लावून करते हो. पण मिठाशिवाय घशाखाली उतरत नाही. तिला सांगू नका. तिला वाईट वाटेल."

म्हणजे आजार कळला तेव्हापासून हे चाललं होतं. सहा महिने. सहा महिने हा माणूस तिच्या घरात, तिच्या टेबलावर, तिच्या देखरेखीखाली उपाशी होता, आणि ती फोनवरचं कौतुक ऐकत होती! नणंदेला काय म्हणाली होती ती? काटा खोटं बोलतो का. आठवलं आणि कान तापले.

फूटपट्टी बाहेर आला. त्याच्या चेहऱ्यावर 'बघा, कशी सापडलात' असं काही असतं तर तिला बरं वाटलं असतं, निदान भांडता आलं असतं. पण तसं काहीच नव्हतं. त्याने सरळ विचारलं, "मॅडम, दीड महिन्यापूर्वी तुम्ही मोजला होता तेव्हा दंड किती होता?"

इथे खरं बोलायला काय लागत होतं? दोन शब्द. 'मोजला नाही.' पण कॉरिडॉरमध्ये दोन नर्सेस उभ्या होत्या, तिनेच शिकवलेल्या. आणि समोर फूटपट्टी, तिनेच बारसं केलेला. सूनबाईची जीभ तिच्याआधी वळली.

"सत्तावीस," ती म्हणाली.

फूटपट्टीच्या भुवया वर गेल्या. "सत्तावीसचे एकवीस? दीड महिन्यात?" मग त्याने मान हलवली. "तुम्ही मोजलंय म्हणजे बरोबरच असणार. फारच झपाट्याने घसरलेत मग."

तो टोमणा मारत नव्हता हो! त्याचा खरोखर विश्वास बसला होता. मापाच्या बाबतीत कुणी थाप मारेल हे त्याच्या डोक्यातच येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बैठक होती. नवरा आणि नणंद बाहेर बाकावर बसून होते. ती आत जाताना नवरा म्हणाला, "तू आहेस आत, म्हणून मला टेन्शन नाही." सूनबाईने त्याच्याकडे न बघताच दार लोटलं.

सासऱ्यांचं नाव आलं. फूटपट्टीने वाचून दाखवलं, "पाणी काढल्यावर वजन चौसष्ट. दंड एकवीस सेंटिमीटर, पकड सोळा किलो, हवी त्याहून खूप कमी. दीड महिन्यापूर्वी दंड सत्तावीस होता, मॅडमनी मोजलेला."

मोठ्या सरांनी चष्मा काढला. "दीड महिन्यात सहा सेंटिमीटर? म्हणजे आजार माणसाला खात सुटलाय. गाठ दिसते तेवढी साधी नाही. अशाला औषध सोडलं तर औषधानेच जाईल." त्यांनी नळीतून औषध सोडणाऱ्या डॉक्टरांकडे पाहिलं, त्यांनी मान डोलावली. "नको. तारीख रद्द करा. घरी नेऊ दे, दुखणार नाही एवढं आपण बघू."

मग ते सूनबाईकडे वळले आणि आवाज मऊ केला. त्यांचा असा आवाज तिने आजवर ऐकला नव्हता. "मॅडम, वाईट वाटतं. पण तुम्हाला सगळं कळतं. तुम्ही खूप केलंत त्यांच्यासाठी."

टेबलाभोवतीची सगळी माणसं तिच्याकडे मायेने बघत होती. कुणीतरी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. आणि तिला कळलं की आपण काय करून बसलोय. आजार झपाट्याने वाढला नव्हता. हात सहा महिन्यांत, हळूहळू, उपासाने गेले होते. तिचा तो सत्तावीस कुठल्याच फितीवरचा नव्हता, आणि त्या एका आकड्यावर जिवंत माणसाला घरी मरायला पाठवत होते.

नंतर सांगू, तिच्या मनात आलं. बैठक संपली की सरांच्या केबिनमध्ये, एकटीच. मग दुसरं काहीतरी मनात आलं, आणि ते आलं याची लाज तिला पुढे सगळ्यात जास्त वाटली. नाहीच सांगितलं तर? कुणाला कधीच कळणार नाही. सासरे घरी जातील, लोक येऊन भेटतील, आणि सगळे म्हणतील की सुनेने कसली सेवा केली! शी! स्वतःच्याच मनाची तिला किळस आली.

"पुढचा पेशंट," मोठे सर म्हणाले.

"सर, थांबा." ती उभी राहिली. खुर्ची मागे आपटली. "मी मोजला नव्हता."

"काय मोजला नव्हता?"

"दंड. कधीच मोजला नव्हता. सत्तावीस मी काल मनाने सांगितलं. त्याआधी बैठकीत चांगलं आहे म्हणाले, तेही नुसत्या वजनावरून. वजन पाण्याचं होतं. त्यांची ही अवस्था आजची नाही, सहा महिन्यांची आहे. ते दिवसाला चार घास खात होते. मी बघितलं नाही."

पाण्याचा ग्लास तसाच तिच्यासमोर होता.

"का?" मोठ्या सरांचा मऊ आवाज गेला होता. "का नाही मोजला?"

"सासरे आहेत, सर." तिला स्वतःचं ते उत्तर ऐकवेना. "भीड वाटली."

टेबलाच्या टोकाला कुणाला तरी हसू फुटलं आणि त्याने ते खोकल्यात लपवलं. मोठे सर मात्र हसले नाहीत. "भीड!" त्यांनी टेबलावर हात आपटला. "रोज पन्नास लोकांचे कपडे उतरवता तुम्ही, आणि इथे भीड? भिडेपायी माणूस घालवला असतात! आणि काल खोटं बोललात ती कुणाची भीड होती?"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला वाटलं. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडायचाही हक्क उरला नाही असं वाटून तिने ते गिळलं.

बोलला तो फूटपट्टी. तिच्याकडे न बघता, आपल्या कागदावर बोट ठेवून. "सर, मग चित्र वेगळं आहे. ही उपासमार आहे, ती भरून निघू शकते. मीठ कमी करायचं, अजिबात बंद नाही, नाहीतर माणूस जेवतच नाही. थोडं थोडं सहा वेळा द्यायचं. अंडी, दूध, डाळ. आणि झोपण्याआधी काहीतरी पोटात गेलंच पाहिजे. महिनाभर द्या मला. पकड वाढली तर औषधाचं बघू."

मोठ्या सरांनी चष्मा पुन्हा लावला. "एक महिना," ते म्हणाले. "वाढली नाही तर नाही. केस तुम्ही बघा. मॅडम, तुम्ही यात पडायचं नाही. आणि ओपीडीत बसायचं की नाही ते मी उद्या कळवतो. बसा आता. नाहीतर जा बाहेर."

ती बाहेर गेली.

बाकावरून दोघं उठली. नवऱ्याने विचारलं, "काय ठरलं?" तिने सांगितलं. सगळं, सत्तावीससकट. कॉरिडॉरमधून ट्रॉल्या जात होत्या, लोक वळून बघत होते, तरी तिने थांबवलं नाही, कारण थांबली असती तर पुन्हा बोलता आलं नसतं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

नणंद तिच्याकडे बघत राहिली. सूनबाईला वाटलं, आता ही बोलेल. बोल गं बाई, काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेते. पण नणंदेने फक्त पदर सावरला आणि म्हणाली, "मी आईला फोन करते." पलीकडे सासूबाई बराच वेळ बोलत होत्या. नणंदेने फोन कानाजवळून काढला, तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "तुझ्याशीच बोलायचंय."

"अगं," सासूबाई म्हणाल्या, "रोज ताट मीच उचलत होते. निम्म्याहून जास्त राहिलेलं दिसायचं मला. पण तू म्हणत होतीस वजन वाढतंय. मला वाटलं, मला अडाणीला काय कळतंय." त्यांच्या आवाजात राग नव्हता. स्वतःचीच चूक असल्यासारख्या त्या बोलत होत्या, आणि सूनबाईला ते ऐकवेना.

वॉर्डात सासरे खिडकीकडे तोंड करून बसले होते. शर्टाच्या गुंड्या लावलेल्या. ती आत आली तसे ते सवयीने सावरून बसले. तिने स्टूल ओढलं आणि पहिल्यांदाच त्यांच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ बसली.

"बाबा, मी चुकले," ती म्हणाली. "तुमचं वजन कधी वाढलंच नव्हतं. ते पाणी होतं. तुमचे हात मी बघायला हवे होते, नाही बघितले. आणि काल डॉक्टरांना खोटं माप सांगितलं. त्यापायी तुमचं औषध रद्द होत होतं."

त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या, पण रागाच्या नव्हत्या. काहीतरी जुळवत होते.

"म्हणजे," त्यांनी सावकाश विचारलं, "मी मरायला टेकलेलो नाही?"

"नाही, बाबा! आजार आहे. पण तुम्ही असे वाळलात ते उपाशी राहून. खाल्लंत तर ताकद येईल. महिन्याने पुन्हा बघणार आहेत."

"फक्त उपाशी होतो?"

"हो."

त्यांनी डोळे मिटले. "मला रोज आरशात दिसायचं गं, हात कसे चाललेत ते," ते म्हणाले. "आणि तू सगळ्यांना सांगायचीस की वजन वाढतंय, छान चाललंय. मी म्हटलं, पोरीला सगळं कळलंय. माझं काही खरं राहिलेलं नाही, आणि आम्हाला त्रास नको म्हणून बिचारी हसून खोटं बोलतेय. मग मीही लांब बाह्या घालायला लागलो. म्हटलं, तिला कळू द्यायचं नाही की मला कळलंय. आणि मग खायचं तरी कशाला? चाललोच आहोत तर चाललो."

सूनबाईला वाटलं होतं की यापेक्षा मान खाली जाणार नाही. मान आणखी खाली गेली. तिच्या बढाईला तो माणूस दया समजला होता, आणि त्या दयेची परतफेड म्हणून सहा महिने मुकाट्याने मरणाची तयारी करत होता. तिने दोन्ही हातांत तोंड लपवलं आणि रडली, वॉर्डातले बघत होते तरी.

"रागवा ना, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. "काहीतरी बोला मला. एकदा तरी रागवा."

सासऱ्यांनी बाहीने डोळे पुसले. "रागावणार आहे," ते म्हणाले. "चांगलाच रागावणार आहे. पण आधी काहीतरी खायला आण. रागवायलाही अंगात जोर लागतो."